शेवंतीचं मलम

मनकर्णाला गावात सगळे घाईची बाई म्हणायचे. हळदी-कुंकवाला गेली तर उंबऱ्यापाशीच उभ्यानं कुंकू लावून घेणार, पंगतीत बसलीच तर एक गुडघा वर धरून, आणि कीर्तनात मारुतीच्या देवळाच्या खांबाला पाठ लावून शेवटपर्यंत उभी. "बस की गं बाई, कुणी मागं लागलंय का तुझ्या?" असं कुणी म्हटलं की ती हसायची. "जाते बाई, गाय दावणीला हाय." आता दावणीची गाय कुठं पळून जाणार? पण लोकांना एक कारण दिलं की लोक दुसरं विचारत नाहीत, हे तिला पक्कं कळलं होतं.

खरं म्हणजे तिला बसवत नव्हतं. तिला गळवं यायची. काखेत यायची आणि जांघेतही यायची.

लग्नाआधी एकदा काखमांजरी झाली तेव्हा आईनं चुना-गूळ लावला, ती फुटली, संपलं असं वाटलं. संपलं कुठलं! सासरी आल्यावर दुखणं खाली उतरलं. आधी कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ, मग ठसठस, मग अंगात कणकण, आणि मग ते पिकून फुटलं की लुगड्याच्या जुन्या चिंध्या आणि तो वास. एक बसतंय न बसतंय तोवर शेजारी दुसरं डोकं वर काढायचं. मागं दोरीसारखे जाड काळे वण राहायचे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. मनकर्णाचं दुखणं जायचंच नाही, नुसतं उंबऱ्याबाहेर जाऊन पुन्हा घरात यायचं.

सांगावं तरी कुणाला? सासू छबुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "उष्णता हाय. वांगं सोड, मिरची सोड." मनकर्णानं वांगं सोडलं, मिरची सोडली, वर गूळही सोडला. गळवांनी तिला सोडलं नाही. शेजारची साखराबाई बोलता बोलता म्हणून गेली, "नीट न्हात न्हाईत बाया, मंग व्हतंय आसं." तिला बिचारीला काही ठाऊकही नव्हतं, ती भलत्याच कुणाबद्दल बोलत होती. पण ते वाक्य मनकर्णाच्या काळजात जाऊन बसलं. त्या दिवसापासून ती दगडानं अंग घासायला लागली. घासून घासून साल निघायची आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं व्हायचं. नवरा आसाराम सुरुवातीला विचारायचा, नंतर त्यानं आपली बाज ओसरीवर नेली. त्यानं कधी हिडीसफिडीस केली नाही, एवढं मात्र खरं. पण नंतर त्यानं कधी विचारलंही नाही.

एकदा हिय्या करून ती तालुक्याला डॉक्टरकडं गेलती. तरणाबांड पोरगा होता तो. "काय होतंय मावशी?" त्यानं विचारलं. मनकर्णा म्हणाली, "डोकं दुखतंय." डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत आली! अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, म्हणतात ते काय खोटं नाही. इथं तर जावईसुद्धा नव्हता, परकाच होता, तरी तोंड उघडलं नाही.

मग शेवंतीची कास सुजली.

शेवंती म्हणजे घरातली एकुलती एक जर्शी गाय. गावच्या दूध संस्थेत तिचं दूध जायचं, आणि सभासदाच्या जनावराला काही झालं की संस्थेचा सचिव तात्याबा मलमाची डबी द्यायचा. मनकर्णा शेवंतीच्या कासेला ते मलम चोळत होती आणि शेवटी बोटावर थोडं उरलं. बोट पुसायला पदर उचलला आणि तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं ते बोट आपल्याच काखेतल्या गाठीवर फिरवलं. गार वाटलं. किती वर्षांनी तिथं काहीतरी गार वाटलं!

शेवंती आठवड्याभरात बरी झाली. पण तात्याबाच्या लेखी ती पुढं कधी बरी झालीच नाही. मनकर्णा दर थोड्या दिवसांनी जायची आणि खालमानेनं म्हणायची, "तात्याबा भावजी, शेवंतीला पुन्हा आलंय." तात्याबा डबी द्यायचा. देवानं मुक्या जनावराला वाचा दिली असती तर शेवंतीनं भर संस्थेत मनकर्णाची लाज काढली असती.

असं दोन वर्षं चाललं. मग तो दुष्काळ पडला. धर्मापुरीच्या बाजूची सगळी शिवारं भाजून निघाली. बोअरमधून नुसती हवा यायला लागली, ऊस उभ्याउभ्या वाळला आणि टँकर येईल तो दिवस सणाचा. अंघोळीला तांब्याभर पाणी मिळायचं. घामानं मनकर्णाच्या जांघा सोलून निघायच्या आणि त्यात गळवं. चालताना ती पाय फाकवून टाकायची, आणि कुणी बघितलं की काटा मोडलाय म्हणायची.

संस्थेनं त्या साली एक चांगलं काम केलं. बाहेरून ट्रकनं चारा आणला. पण नियम असा की ज्याचं दूध संस्थेत, त्यालाच चारा. दूध बंद तर चारा बंद. शेवंती जगली ती त्या चाऱ्यावर, आणि घर जगलं ते शेवंतीवर.

आणि नेमके तेव्हाच गावच्या दुधाचे कॅन शीतकेंद्रावरून परत आले. दूध नासलं होतं. एकदा आले, पुन्हा आले. लिंबाखाली सगळे जमले. चेअरमन सुंदरराव खुर्चीत बसले होते, बाकीचे मातीत. कुणाच्या जनावरानं घोटाळा केला, एवढाच प्रश्न. तात्याबा घसा खाकरून म्हणाला, "गावात एकच गाय हाय जिचं मलम थांबत न्हाई."

सगळ्यांच्या माना मनकर्णाकडं वळल्या. ती अर्थात उभीच होती.

"वैनी," सुंदरराव म्हणाले, "उद्या गुरांचे डॉक्टर येणार हायत. कास तपासून घिऊ. खराब निघाली तर दूध आणू नका. आमचा बी नाइलाज हाय."

बाया कुजबुजल्या. साखराबाई तर मोठ्यानं म्हणाली, "एकीपायी सगळ्या गावाचं दूध नासावं व्हय गं!" मनकर्णा घरी आली आणि शेवंतीच्या गळ्याला हात घालून उभी राहिली. कास तपासली की खोटं उघडं पडणार. मग मलम गेलं कुठं, हा सवाल येणार. खरं सांगायचं तर सगळ्या गावापुढं आपल्या जांघेचं नाव घ्यायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

सकाळी तिनं कोनाड्यातली डबी काढली. निदान ती तरी कुठं पुरून टाकावी असा विचार. झाकण उघडलं तर मलम तळाला गेलेलं. तिनं तर परवाच नवी डबी फोडली होती, आणि गाईला तर ते कुणी लावत नव्हतं. सासूनं गुडघ्याला चोळलं असेल म्हणून विचारायला वळली, तेवढ्यात शिवकन्या टँकरवरून आली.

शिवकन्या तिची लेक, विसाव्या वर्षात होती, अंबाजोगाईला कॉलेजात जायची. डोक्यावर हंडा, डाव्या हातानं धरलेला. उजवा हात अंगापासून लांब, कोपरात वाकवून, जसा काही तो हात तिचा नव्हेच. मनकर्णा बघत राहिली. पोरगी हल्ली ओढणी काखेत कोंबून असायची. शेजारच्या लेकराला कडेवर घे म्हटलं तर नको म्हणायची. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि अभ्यासाचा ताण म्हणून सोडून दिलं होतं. बाई, तुझे डोळे कुठं गेलते?

"शिवे," ती म्हणाली, "डबीतलं मलम तू घेतलंस?"

शिवकन्यानं हंडा उतरवला. पाणी हिंदकळलं, त्याच्याकडंही तिनं बघितलं नाही. "गुरांचं हाय म्हणून... लाज वाटली. थोडंच घेतलंय."

"काखेत?"

पोरीनं मान हलवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू म्हणली असतीस, नीट न्हात न्हाईस म्हणून. तू लहानपणापासून म्हणतेस, काखा घासून धू, घासून धू. मी लई घासते गं आई. दगडानं घासते. तरी येतंयच."

मनकर्णा मटकन खाली बसली. दुखलं, तरी बसली. आपल्याला झालं ते लेकीला होऊ नये म्हणून ती घास घास म्हणत आली होती, आणि पोरीनं त्याचा अर्थ काय घेतला? की आपण घाण आहोत. स्वतःबद्दल ती वीस वर्षं जे मानत आली, तेच तिनं लेकीच्या पदरात घातलं होतं. तेही आपल्या दुखण्याचा एक शब्द न सांगता.

बाहेरून तात्याबाची हाक आली. डॉक्टर आले होते.

तिनं शेवंतीला सोडलं आणि संस्थेपुढं नेऊन उभं केलं. काल होते तेवढे सगळे आजही होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो? गुरांचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी बाह्या सारल्या, चारही सडं पिळून पाहिली, कास दाबली. शेवंती आपली रवंथ करत उभी.

"कास लोण्यासारखी हाय," डॉक्टर म्हणाले. "काय धाड भरलीय हिला? मलम कशाला देताय?"

"आँ?" तात्याबा म्हणाला. "मग वैनी, एवढ्या डब्या गेल्या कुठं? इकल्या का काय?"

माणसं हसली. मनकर्णाला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. विकल्या म्हणावं. चोर म्हणवून घेणं सोपं होतं, चोराला निदान कुणी नाक मुरडून लांब सरत नाही. तिनं मान वर केली. भिंतीशी शिवकन्या येऊन उभी होती, हात तसाच अंगापासून लांब.

"मलम मी लावते," मनकर्णा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मला गळवं येत्यात. काखेत, जांघेत. लग्नाच्या आधीपासून. गाईला काय बी न्हाई. दुखणं मला हाय."

कुणी हसलं नाही. तात्याबा कॅनकडं बघायला लागला, सुंदरराव लिंबाकडं. आसाराम गर्दीच्या मागं उभा होता. तो सावकाश पुढं आला, शेवंतीचं दावं मनकर्णाच्या हातातून घेतलं आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"बाई, ते गुरांचं हाय, माणसानं लावू नये," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात जा. तिथं चामडीचे डॉक्टर बसतात. आणि सुंदरराव, हिचं दूध घ्या, चारा द्या."

कॅन का नासत होते ते पुढं कळलं. पाणी वाचवायचं म्हणून तात्याबा कॅन धुवत नव्हता, नुसते फडक्यानं पुसायचा. त्याच्यासाठी कुणी लिंबाखाली सभा घेतली नाही.

अंबाजोगाईला गर्दी होती. डॉक्टरीणबाई होत्या, हेच मोठं नशीब. "पेशंट कोण?" त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं. शिवकन्या खाली बघायला लागली.

"दोघी," मनकर्णा म्हणाली. "आधी माझं बघा. म्हंजे हिला भ्या वाटायचं न्हाई."

पडद्यामागं तिनं हात वर केला. विसाहून जास्त वर्षांत कुणापुढं केला नव्हता. शिवकन्यानं ते वण पाहिले आणि तोंडावर ओढणी धरली. "आई, तुला एवढं?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

डॉक्टरीणबाईंनी लेकीचंही पाहिलं, काखेतलं आणि जांघेत नव्यानं आलेलंही. म्हणाल्या, हा आजार आहे, घराण्यात असतो, औषधं बरेच महिने घ्यावी लागतील. मावशी, तुमचं जुनं झालंय, पुरतं जाईल असं मी सांगत नाही, पण कमी होईल. मुलीचं वेळेत आलंय. "आणि घासायचं अजिबात नाही. न्हाण्यानं, घाणीनं होत नाही हे."

"काय म्हणलात?" मनकर्णानं विचारलं.

"घाणीनं होत नाही."

"पुन्यांदा सांगा बाई," मनकर्णा म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा. हिला ऐकू द्या."

दाराबाहेर रांग होती. तरी त्या बाईंनी पुन्हा सांगितलं. शिवकन्यानं ऐकलं, पण डोळे मनकर्णाचे भरून आले होते.

परतीच्या एसटीत मागं जागा रिकाम्या होत्या. दोघी उभ्याच राहिल्या, दोघींनी डाव्या हातानं दांडी धरली. ऊन खिडकीतून आत येत होतं, दोघींच्या अंगात त्राण उरलं नव्हतं आणि गाव अजून लांब होतं. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "बसा की मावशी, एवढी कसली घाई?"

मनकर्णाच्या तोंडात दावणीची गाय आली होती. ती तिनं गिळली.

"घाई न्हाई बाबा," ती म्हणाली, "गळवं हायत. आमाला बसवत न्हाई."