डॉक्टरांचा कोरा पेन

पेन हातात आला की डॉक्टर तो आधी अंगठ्याने खसाखसा घासायचे आणि मग नाकाशी धरायचे. गंधकासारखा उग्र दर्प आला तर म्हणायचे, "वास आहे." म्हणजे पेन एबोनाइटचा, कडक रबराचा. नाही आला तर "प्लॅस्टिक" एवढं बोलून परत द्यायचे. नवीन माणसाची ओळख करून दिली तरी त्यांचा चेहरा साधारण असाच, वास घेऊन पारखल्यासारखा व्हायचा.

ते राहात्याला जनावरांचे डॉक्टर होते. मी डेअरीत दूध संकलनाला. कुणाची गाय कुठल्या वस्तीवर हे मला माहीत, म्हणून मोटारसायकलवर त्यांच्या मागे मी. गाईला इंजेक्शन देऊन हात धुतले की डॉक्टर मालकाला विचारत, "घरात जुना शाईचा पेन आहे का?"

एका बाईने घाबरून विचारलं, "गाईला उगाळून पाजायचा का?"

"नाही. मला बघायचाय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

मोठ्या कंपन्यांच्या पेनांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. घराच्या पडवीत लेथ टाकून एकेक पेन कातणारे कारागीर पूर्वी लहान गावांतही होते. पेनावर मुलाचं नाहीतर देवीचं नाव घालायचे. त्यांची दुकानं केव्हाच बंद झाली. पेन मात्र कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या फडताळात पडून राहिले. तुमच्याकडेही असेल एखादा, बघा. डॉक्टरांनी ते असे गोठ्यागोठ्यांतून जमवले. स्वतः औषधं लिहून द्यायचे ती फुकटात मिळालेल्या बॉलपेनने.

सगळ्यांत लाडका होता हिरव्या-काळ्या लाटांचा एक पेन. संगमनेरच्या एका कारागिराने दुकान बंद करताना शेवटचा कातलेला. त्यात शाई कधी पडलीच नव्हती. "कोरा आहे," डॉक्टर म्हणाले होते. मला दाखवला, पण हातात दिला नाही.

त्याच कारागिराचा दुसरा पेन राहात्यातच एका चाचांकडे होता. तहसील कचेरीबाहेर बसून त्यांनी जन्मभर लोकांची खरेदीखतं लिहिली होती. डॉक्टर त्यांची शेळी बघायला जात आणि पेन मागत.

"डाक्टर, मी मेल्यावर या," चाचा म्हणत.

"बरं," म्हणून डॉक्टर पुढच्या आठवड्यात पुन्हा शेळी बघायला जात. शेळी ठणठणीत होती.

मग चाचांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यात नातीचा निकाह ठरला. साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती. मुलगा म्हणाला, "अब्बा, अंगठा लावा."

"आयुष्यभर लोकांचे अंगठे घेतले म्या. आता माझा घेता व्हय?" चाचा म्हणाले.

ते डाव्या हाताने सही गिरवायला बसले. बॉलपेन दाबायला त्या हातात जोर नव्हता. स्वतःच्या पेनाची निब उजव्या हाताच्या कलाने झिजलेली, ती डावीकडून कागद ओरबाडायची. डॉक्टर शेळीशेजारी उभे राहून बघत होते. त्या दिवशी ते पेन न मागताच निघाले.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर तो कोरा पेन होता आणि शेजारी चाचांचा, निब बदलायला म्हणून आणलेला.

"डॉक्टर, बाजारात मिळेल की दुसरी निब."

"मापात बसत नाही. संगमनेरला जाऊन आलो."

कारागीर एकच, म्हणून माप एकच. डॉक्टरांनी फडक्यात धरून कोऱ्या पेनाची निब ओढून काढली आणि चाचांच्या पेनात बसवली. खांद्यापर्यंत गाईच्या पोटात जाणारा त्यांचा हात. एवढीशी निब बसवायला त्याला अर्धा तास लागला.

निकाहाच्या दिवशी चाचांनी डाव्या हाताने सही केली. काझीसाहेब थांबले, मांडव थांबला, बिर्याणीसुद्धा थांबली. चाचांनी कागद लांब धरून पाहिला. "वाकडी आली. पर माझी हाय."

"शाई जरा जास्त सोडतोय," असं म्हणत डॉक्टरांनी रुमालाने डोळे पुसले. रुमालाला पेनाची शाई लागलेली होती. जेवताना त्यांच्या गालावर निळा पट्टा होता.

त्यानंतर त्यांनी चाचांकडे पेन मागितला नाही. शेळी बघायला जात राहिले.

चाचा अजून आहेत. डॉक्टर गेल्या उन्हाळ्यात गेले.

पुढे काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, त्या पेनांना कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. ओट्यावर जुनी साडी अंथरून त्यांनी सगळे पेन मांडले होते आणि मऊ फडक्याने एकेक पुसत होत्या. ऊन सरकत साडीच्या काठाशी आलं. वहिनी उठल्या.

"ते टोक धरा जरा," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "उन्हानं यांचा रंग उडतो."

आम्ही दोघांनी साडी हळूच ओढून सावलीत घेतली.