कानबाईचं दळण

देवावर माझा विश्वास होताच, पण खरं सांगायचं तर डब्यांवर थोडा जास्त होता. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकते. मी सून म्हणून सुरतेत आले त्याच वर्षी इथं प्लेग आला. लग्नाला चारच महिने झाले होते आणि अख्खी वस्ती अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनकडे धावत होती. आम्हीही कसेबसे गाडीत घुसलो आणि अमळनेरकडच्या आमच्या गावी पोचलो. परत आलो तेव्हा घरात चिमूटभर पीठ नव्हतं, चहाला साखर नव्हती. पुन्हा असं पळायचं नाही आणि घर कधी रिकामं ठेवायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं. तेव्हापासून सुरतेतल्या आमच्या कोसाडच्या दोन खोल्यांत माणसं कमी आणि डबे जास्त. आमचे हे चेष्टा करायचे, "पलंगाखाली डाळ आणि पलंगावर आपण. एक दिवस डाळ वर झोपेल नि आपण खाली." मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे.

कोरोनाची बातमी आली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी सावध झाले. गव्हाची पोती, तूरडाळ, गूळ, मीठ, साबण, ओवा, तापाच्या गोळ्या, सगळं वेळेत घरात आलं. शेजारणी घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या आणि मी गॅलरीत उभी राहून त्यांना शांत राहायचं शिकवायची. त्या शांतपणाचा मला गर्व होता, हेही आता कळतं. आषाढाच्या मध्यावर लूमचे कारखाने पुन्हा सुरू झाले, हे कामावर जाऊ लागले आणि आठवड्याभरात तापानं आडवे झाले. चौथ्या दिवशी बोटाला लावायच्या त्या यंत्राचा आकडा खाली आला. ॲम्ब्युलन्स आली, हे स्वतः जिना उतरून गेले. मी बॅगेत टॉवेल, बिस्किटं, काढ्याची पूड, देवाचा अंगारा असं सगळं भरून दिलं. संध्याकाळी पाहते तर फोनचा चार्जर भिंतीलाच लटकत होता. एवढी शहाणी मी, आणि नेमकं तेच राहिलं.

घरात मी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, सुरतेत चाळीस वर्षं काढली तरी बोलणं अजून पक्कं अहिराणी. आमच्या दोघांचे रिपोर्ट चांगले आले, पण दारावर कागद लागला आणि चौदा दिवस उंबरा ओलांडायचा नाही असं ठरलं. पहिले दोन दिवस ह्यांचा फोन आला. मग तो बंद पडला. दवाखान्याचा फोन लावावा तर एकतर लागत नव्हता, नाहीतर लागून कुणी उचलत नव्हतं. आबांनी विचारलं की मी म्हणायची, "आला होता फोन. बरे आहेत." म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलताना जीभ जड व्हायची. पण माझा धीर सुटला तर आबा खचतील, या भीतीनं मी डोळ्यांतून टिपूस येऊ दिलं नाही. देवघरासमोर बसायची खरी, पण हात जोडले तरी मनात काही उमटत नव्हतं. आई कानबाई, तू आहेस की नाहीस, एवढंच विचारावंसं वाटायचं आणि मग तसं विचारायचीही लाज वाटायची.

त्यातच श्रावण लागला आणि कानबाईचा रविवार जवळ आला. आम्हा खानदेशी लोकांची ही कुळाची आई. दरवर्षी भाऊबंदांत एका घरी ती बसते, रात्रभर गाणी होतात, दुसऱ्या दिवशी तापीवर नेऊन बोळवण करतात. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून बसवायची नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरी मांडून रोट करायचे, असं फोनवरच ठरलं. रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या. त्याच्या गव्हाला आमच्यात एक माप असतं. घरात जितकी पुरुषमाणसं हयात, तितक्या सव्वा-सव्वा मुठी घ्यायच्या. तान्हं बाळ असलं तरी त्याची मूठ पडते, आणि माणूस गेला की त्या वर्षापासून त्याची मूठ थांबते.

शुक्रवारी सकाळी मी पोत्यातले गहू परातीत घेतले. आबा समोर खुर्चीत बसले होते. पहिली सव्वा मूठ आबांची टाकली. दुसरीसाठी हात पोत्यात घातला आणि तो वर येईना. तीन दिवस ह्यांचा आवाज ऐकला नव्हता. कोणत्या तोंडानं मूठ टाकू, आणि नाही टाकली तर त्याचा अर्थ काय झाला? मी तशीच बसून राहिले. आबा हळूच म्हणाले, "तुना फोन वाजत नही, हाई माले समजस, माय. तरी मना आंडोरनी मूठ टाक. भरीसन टाक, कंजूषी नको करू."

म्हणजे आबांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्यासाठी धीर धरला होता आणि ते माझ्यासाठी. आपल्या मुलाची मूठ टाक म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मी मूठ भरली, परातीत टाकली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून म्हणाले, आई, ही तुझ्या हवाली.

मूठ टाकली, पण पुढचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटी म्हणतात. नवी सून असताना सासूबाईंनी "घंटीवर जाऊन ये" म्हटलं, तेव्हा मी दळणाचा डबा घरी ठेवून देवळात जाऊन घंटा वाजवून आले होते. त्यावरून मला दहा वर्षं चिडवलं सगळ्यांनी. तर आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते, घंटीवाला स्वतः आजारी होता, घंटी बंद आणि देऊळही बंद. घरात वर्षभराचे गहू होते आणि पीठ तळाला गेलं होतं. इतकी वर्षं साठवणारी मी, पण गहू दळल्याशिवाय पोळी होत नाही हे पोती रचताना डोक्यात आलं नव्हतं. मिक्सरमध्ये घातले तर भरड निघाली. तयार पिठाची पिशवी कुणी आणून दिली असती, पण त्या पिठात ह्यांची मूठ कुठून असणार? मी डबा कमरेवर घेऊन गॅलरीत आले, कशाला ते मलाही सांगता येणार नाही. कुठं जाता येत नव्हतं. आभाळाकडे बघून मनात म्हटलं, आता तूच दळ बाई.

समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं माझ्या कमरेवरच्या डब्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "बेन, दळवानुं छे?" तिच्या बहिणीकडे घरघंटी होती. ती बहिणीला भेटायला आली आणि पत्रे लागल्यामुळं अडकून पडली, हे नंतर कळलं. मी घाईघाईनं सांगितलं, आमच्या घरी कोरोना आहे, माणूस दवाखान्यात आहे. ती म्हणाली, "खबर छे, बेन. घउंने कंई ताव आवे?" गव्हाला कुठं ताप येतो! त्या दिवसांत दूधवालासुद्धा पिशवी खालच्या पायरीवर ठेवून पळायचा. मी देवीचं दळण आहे एवढं सांगितलं, तर म्हणाली, मग आधी घंटी धुऊनपुसून घेते. मी दोरीनं पिशवी खाली सोडली, ती अंगण ओलांडून आली आणि घेऊन गेली. तासाभरात पीठ परत आलं तेव्हा ते अजून कोमट होतं. त्या कोमट पिशवीला मी किती वेळ गालाशी धरून बसले होते, आठवत नाही.

रविवारी रोट झाले. नारळाला नथ घालून कानबाई मांडली, आबांनी थरथरत्या आवाजात एक गाणं म्हटलं. आता रोटांचा नियम असा की ते भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. समोरच्या त्या बाईला, हंसाबेनला, काहीच द्यायचं नाही हे माझ्या जिवावर आलं होतं, पण आबांपुढं बोलायची छाती नव्हती. आबांनीच विषय काढला. "जिनी देवीनं दळन करी दिनं, ती आपलीच शे. दे तिले." नियमाला इतका कडक माणूस, पण देवीचं दळण करून देणारीला त्यांनी आपलं म्हटलं आणि पुढं काही बोलायला जागाच ठेवली नाही. मी दोन रोट डब्यात घालून दोरी सोडू लागले आणि आत फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. वॉर्डात झाडू मारणाऱ्या मावशींच्या फोनवरून हे बोलत होते. आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये दम. म्हणाले, "चार्जर विसरलीस ना? आणि म्हणे सगळं साठवते." मग विचारलं, "आबा जेवले का?"

हा योगायोग म्हणणारे म्हणोत, मी कुणाशी वाद घालत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, नर्सबाईंनी ह्यांना वाचवलं, ते उपकार मी विसरणार नाही. त्याच वेळी कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. त्यांच्या बायकांनी माझ्यापेक्षा कमी हात जोडले होते असं मी कधीच म्हणणार नाही. मला एवढंच कळलं की मी पोती भरून जो शांतपणा घरात आणला होता, तो माझ्याकडे कधी नव्हताच. खरा शांतपणा त्या शुक्रवारी आला, तोही माझ्या हातानं नव्हे, आबांच्या सांगण्यावरून आणि हंसाबेनच्या हाकेतून. साठवण मी आजही करते, सवय कुठं जाते? पण डबा भरताना आईला सांगते, हे माझ्या हातचं झालं, पुढचं तुझं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हे घरी आले. तीन मजले चढताना प्रत्येक वळणावर बसत होते, मी वरून पावलं ऐकत होते. दारात आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता, दाढी पांढरी झाली होती. आबांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. मी पाणी आणायला वळले. आबा उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडी ले, माय. आते रडी ले." मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले.