पासवर्ड मला ठाऊक न्हाय

"भिताडाकडं बघतो मी. टाका निवांत."

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं, की टायपिंगवाले काका खुर्चीसकट वळायचे. तुम्ही सोलापुरात कोर्टाबाहेर कधी अर्ज टाइप करून घेतला असेल, तर टायपिस्ट पुष्कळ पाहिले असतील. पण गिऱ्हाइकाला पाठ दाखवणारा हा एकच. त्याच दुकानात माझं झेरॉक्सचं मशीन होतं. मला ते अक्का म्हणायचे.

मृत्युपत्र, वाटणी, घटस्फोट, प्रत्येक फाइलला कुलूप आणि किल्ली गिऱ्हाइकाकडे. "मला ठावंच नसलं, तर माझ्याकडनं फुटंल कसं?" असं त्यांचं म्हणणं. लोक मोठ्यानं विचारायचे, "सिद्धेश्वर टाकलं तर चालंल का?" काका कपाळाला हात लावायचे. "सगळ्या गावाचा देव हाय त्यो! दुसरं काय तरी टाका की."

मैंदर्गीची एक बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून लेकरांसह निघून आली होती. जुळे सोलापूर या वस्तीत लपून राहत होती आणि तिच्या अर्जात तो पत्ता होता. काका वळले, पण तिला की-बोर्डवरची अक्षरं सापडेनात. "अक्का, तुमीच टाका," म्हणत तिनं माझ्या कानात शब्द सांगितला.

"कोण टाकतंय?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"मीच," मी म्हणाले.  काका नुसतं "बरं" म्हणाले.

चार दिवसांनी, भरदुपारी, तिचा दीर दोघांना घेऊन आला. एकानं शटर अर्धं खाली ओढलं.

"तिची फाइल उघड."

"पासवर्ड मला ठाऊक न्हाय."

दिरानं त्यांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि एक बोट मागं वाकवलं. "आता आठवंल."

"ठाऊकच न्हाय, तर आठवंल कुटनं?"

मी मशीनमागं उभी होते.  खरं सांगते, मला नुसतं विचारलं असतं तरी मी सांगून मोकळी झाले असते. मलाही लेकरं आहेत. आणि काकांनी एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं, तर दिरानं मला विचारलंच असतं. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसऱ्याचा. काका ओरडले, पण नजर टेबलावरून हलली नाही. झेरॉक्सवालीला काय कळतंय, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या वकिलांनी शटर उचललं, तेव्हा ते तिघे पळाले.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालताना काका म्हणाले, "अक्का, तिला आदी दुसरीकडं हलव. आन् त्यो शब्द इसरून जा."

बाई त्याच संध्याकाळी घर सोडून गेली. कुठं, ते मी विचारलं नाही. काकांची बोटं पुन्हा धड वळली नाहीत. ते लेकीकडे सांगोल्याला गेले आणि मागच्या उन्हाळ्यात तिथंच वारले. मी भेटायला गेले नव्हते. त्यांच्यापुढं उभं राहायची लाज वाटायची.

फाइल मी कधीच काढून टाकली. शब्द विसरले नाही. दुकानासमोर अनोळखी मोटारसायकल थांबली, की तो अजून जिभेवर येतो आणि मी दात घट्ट आवळून धरते.