शेवटाच्या आधी उठणारे मामा

सिनेमा पाहावा तर माझ्या बायकोच्या मामांनी. बाकी आपण सगळे नुसते अंधारात जाऊन बसतो. शुक्रवारी नवा सिनेमा लागला आणि शनिवारी सकाळच्या पहिल्या खेळाला मामा हजर नाहीत, असं गेल्या कित्येक वर्षांत घडलेलं नाही. खेळ सकाळचाच, कारण दुपारी जेवून झोपायचं असतं आणि त्या झोपेच्या आड आजवर एकही नट, नटी किंवा नातेवाईक येऊ शकलेला नाही. मराठी, हिंदी, दक्षिणेकडून आलेला, भुताचा, प्रेमाचा, लढाईचा, मामांना काहीही चालतं. फक्त एक गोष्ट त्यांनी कुठल्याच सिनेमाची पाहिलेली नव्हती, ती म्हणजे शेवट.

कारण पार्किंग. "सगळं थेटर एकदम बाहेर पडतं, मग अर्धा तास दुसऱ्याच्या धुरात उभं राहा," असं मामांचं म्हणणं. "त्यापेक्षा जरा आधी उठावं. शेवटाला असतं काय, कुणीतरी मरतं नाहीतर कुणाचं तरी लग्न होतं." त्यासाठी ते स्कूटर फाटकाकडे तोंड करून लावतात आणि तिकिटं कडेच्या खुर्च्यांची काढतात. शेवट जवळ आल्याचं त्यांना दिग्दर्शकाच्याही आधी कळतं. खलनायक आपले बेत सविस्तर समजावून सांगायला लागला, नायिका विमानतळाकडे धावत सुटली, किंवा विखुरलेली सगळी पात्रं एका ठिकाणी जमली, की मामा स्वतःच्या मांडीवर थाप मारून "चला" म्हणतात. मग शेजारी बसलेल्या मामी पायाशी ठेवलेली पिशवी उचलतात आणि पडद्याकडे बघत बघत, लोकांच्या गुडघ्यांना "माफ करा हं" म्हणत बाहेर पडतात. शाळेत चित्रकला शिकवलेल्या या शांत बाईंनी लग्नापासून थिएटरात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो आणि आम्ही त्यावर मनसोक्त हसत होतो.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. समोर आलेला माल हातात घ्यायचा, उलटसुलट करून पाहायचा आणि पास किंवा नापास म्हणून पुढे सरकवायचा, यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. रविवारी वारज्याहून आमच्याकडे कर्वेनगरला येतात ते आठवड्याचा माल तपासूनच. सिनेमाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. "तो विहिरीचा", "तो जिन्यावरून पडतो त्याचा" अशी त्यांची नावं असतात आणि कुठला सिनेमा ते आपण ओळखायचं. मध्यंतरी एका लढाईच्या सिनेमावर सगळं पुणं खूश होतं. मामा म्हणाले, "नापास. तो माणूस पिन काढलेला बाँब हातात धरून आईची आठवण सांगत होता. आमच्याकडे असा उभा राहिला असता तर आई राहू दे, साहेबांची आठवण आली असती." भुताच्या सिनेमाबद्दल त्यांचं मत जरा बरं पडलं. भूत आपलं काम मन लावून करत होतं, माणसंच बेजबाबदार होती. "वरच्या मजल्यावर रोज रात्री बाई रडते आणि हे लोक सोसायटीच्या सेक्रेटरीला एका शब्दानं सांगत नाहीत. मग भूत बसणारच ना मानगुटीवर." एका प्रेमकथेतली मुलगी आयटी कंपनीत कामाला होती. तिने अख्ख्या सिनेमात एकदाच लॅपटॉप उघडला आणि तोही त्या मुलाचा फोटो बघायला, हे मामांना इतकं लागलं की त्या मुलीचा पगार कापायला हवा, असं ते चहा होईपर्यंत म्हणत होते. उलट एक सिनेमा इतका संथ होता की माझी बायको त्यात दोनदा झोपली, तो मात्र मामांनी वाखाणला. त्यातली म्हातारी भाकरी करते ती पीठ मळण्यापासून तव्यावरून उतरेपर्यंत सलग दाखवली होती. "पास," मामा समाधानाने म्हणाले. "भाकरी फुगली. मी बघत होतो."

शेवट पाहिलेला नसला म्हणून तो सांगायचा नाही, असं मात्र मामांचं कधीच नव्हतं. आपल्या पसंतीचा शेवट ते स्वतः करून जोडायचे. हे शेवट मोठे सुखाचे असायचे. भांडलेले भाऊ एकत्र यायचे, हरवलेली माणसं सापडायची, आजारी माणूस खडखडीत बरा होऊन फिरायला जायचा आणि बहुतेकदा सगळे मिळून जेवायला बसायचे. एका बारशाला त्यांनी एका रहस्यपटाची गोष्ट रंगात येऊन सांगितली आणि खून डॉक्टरने केला म्हणून जाहीर केलं. बाळाचा काका म्हणाला, "अहो मामा, खुनी तर भाऊ निघतो." मामांनी हातातला पेढा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "मी होतो तोपर्यंत डॉक्टरच होता. नंतर त्यांनी बदललं असेल तर मला कल्पना नाही."

आता यात एक कोडं होतं, ते आमच्या कधी डोक्यात आलं नाही. घरी टीव्हीवर सिनेमा असला तरी शेवट आला की मामा दूध तापवायला उठायचे. टीव्हीला कुठलं आलंय पार्किंग? पण आम्ही म्हणायचो, मामाच ते. त्यांच्या घरी दूध फार तापायचं.

गेल्या वर्षी मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मामी घरी, आणि मामा सकाळच्या खेळाला एकटे, असं बरेच महिने चाललं. घरी आल्यावर ते मामींना सगळा सिनेमा सांगायचे, पास-नापाससकट. मामी काठीशिवाय चालायला लागल्या तेव्हा माझ्या बायकोने विचारलं, "मामी, आता पहिल्यांदा कुठे जायचं? महाबळेश्वरला न्यायचं का तुला?"

"नको गं," मामी म्हणाल्या. "मला थेटरात बसून एका सिनेमाचा शेवट बघायचाय."

"एवढंच? मोबाईलवर लावून देते की आत्ता."

"मोबाईलवर ढीगभर शेवट पाहिलेत मी. एकटीनं. मला ह्यांच्या शेजारी बसून बघायचाय."

मामांचा कप तोंडाशी थांबला. "अगं, पण पार्किंग," एवढंच ते म्हणाले. मामींनी त्यांच्या हाताखाली बशी सरकवली. शेवटी मामा म्हणाले, "बरं. बघू." पुण्यात "बघू" म्हणजे "नाही" हे पोराटोरांनाही माहीत आहे. मला वाईट वाटलं, कारण मामींनी आजवर कुणाजवळ काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

तरी पुढच्या शनिवारी तिकिटं काढली. मामींना मी गाडीतून न्यायचं ठरलं. मामा मात्र स्कूटरवरच निघाले. कारण विचारलं तर म्हणाले, "गर्दी झालीच तर निदान एक गाडी तरी बाहेर निघाली पाहिजे, जावईबापू." आम्ही पोचलो तेव्हा स्कूटर फाटकाकडे तोंड करून उभी होती आणि मामा कडेच्या खुर्चीत बसलेले होते. ते बघून मला वाटलं, संपलं.

सिनेमा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा होता. मुलगी भांडून घर सोडून गेलेली, बायको वारलेली, दुकानात गिऱ्हाईक नाही. मध्यंतरापर्यंत मामा खुशीत होते. घड्याळजी डोळ्याला भिंग नीट लावतो म्हणून त्यांनी त्याला अर्धा पास तिथल्या तिथेच करून टाकला. मग हळूहळू माणसं त्या दुकानात जमायला लागली. आधी शेजारी, मग जुना मित्र, आणि रस्त्याच्या टोकाला ती मुलगी दिसली. मामांचा हात मांडीवर पडला. "चला," ते म्हणाले.

मामींनी पिशवी उचलली नाही. त्यांनी मामांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बसा."

मामा अर्धवट उठले होते, ते तसेच थोडा वेळ राहिले. मागून कुणीतरी "काका, खाली" म्हणालं. मामा बसले.

पुढे पडद्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी मामांकडे बघत होतो. मुलीने दुकानाची फळी सरकवली, म्हाताऱ्याने वर पाहिलं, आणि मामा रडायला लागले. डोळे पाणावणं वगैरे नाही. खांदे हलत होते, नाकातून आवाज येत होता, पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मामींनी पडद्यावरची नजर न काढता पिशवीतून एक भलामोठा नॅपकिन काढून त्यांच्या हातात दिला. घरून घडी घालून आणलेला होता. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमाला असेच रडले होते. बाहेर आलो तर ह्यांच्या खात्यातली चार माणसं समोर. कारखान्यात पुढे कितीतरी दिवस चेष्टा झाली. तेव्हापासून पार्किंग."

ते दूध आठवलं आणि मला हसू आलं. एवढी वर्षं मामी पिशवी उचलत होत्या ती कशासाठी, हे आमच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं.

दिवे लागले. लोक निघून गेले, झाडूवाले आत आले, तरी आम्ही बसून होतो. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मी विचारलं, "काय मामा, पास की नापास?"

"तिला विचारा," मामा म्हणाले. आजवर त्यांनी मत दुसऱ्यावर सोपवलेलं मी पाहिलं नव्हतं. मामी म्हणाल्या, "छान होता."

खाली आलो तर पार्किंग पूर्ण रिकामं. एवढ्या मोठ्या जागेत मामांची स्कूटर आणि कोपऱ्यात आमची गाडी. मामांनी सगळीकडे नजर फिरवली आणि घसा साफ करून म्हणाले, "बघा. शेवटपर्यंत थांबलं की गाडी काढायला काही त्रास नसतो. लोकांना उगीच घाई." मामींनी मान डोलावली.

हल्ली ते दोघं दर शनिवारी शेवटापर्यंत बसतात. रविवारी मामा शेवट सांगतात तो जसा आहे तसा, आणि कधीकधी सांगता सांगता दूध बघायला आमच्या स्वयंपाकघरात जातात. त्यांचे ते जुने, सगळ्यांना जेवायला बसवणारे शेवट आता ऐकायला मिळत नाहीत. मला त्या शेवटांची फार आठवण येते. परवा मामींना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मला रात्री सांगतात ते. झोपायच्या आधी. कालच त्या घड्याळजीच्या बायकोला बरं केलं."