सासूला कुणी हसेना

काल आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये नाटक झालं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खुदकन हसली आणि तिच्या आईनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. तो हात काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही बघा.

नाटक हसण्याचंच होतं. आमची वैशाली खाष्ट सासू झाली होती. वीस वर्षांची पोर, चाकाच्या खुर्चीवर असते, बोलताना जीभ जरा अडते. लाटणं उगारून खुर्चीवरूनच सुनेला स्टेजभर पळवते. तालमीला मी तिची नऊवारी शिवत बसायचे, तर हसून हसून सुई हातातून गळायची. आणि काल सगळा हॉल चिडीचूप! बायका डोळे पुसत होत्या. मलाही हसू फुटलं होतं, पण आजूबाजूला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लोक म्हणतील, अपंग पोरीला हसते ही म्हातारी.

दया अशीही असते का हो, समोरच्याचा विनोदसुद्धा ऐकू न देणारी?

शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकीनं वैशालीचा गाल कुरवाळला, "किती गुणाची गं!"

ती गेल्यावर वैशाली म्हणाली, "सुनेला एवढं छळलं, आणि गुणाची म्हणे!" मग माझ्याकडे वळून, "आजी, रविवारी परत प्रयोग आहे. तुम्ही पहिल्या हसा ना. सुरुवात करायला कुणीतरी लागतं."

"हसेन की," म्हटलं खरं. पण भरल्या हॉलमध्ये एकटीनं, मोठ्यानं हसायचं. जमेल का मला?