अंबुआत्यांनी खेळून पाहिलं

अंबुआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंजावरहून तिरुवैयारुला जाणाऱ्या बसमध्ये होते. सकाळी अकराच्या सुमाराला खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं, त्रास असा काही झालाच नाही, असं शेजारीण सांगत होती. पुढच्याच थांब्यावर मी उतरले आणि रिक्षा करून परत फिरले. त्यांच्या दारासमोर पोचले तर शाळेच्या गणवेशातल्या आठ-दहा मुलींच्या सायकली आधीच भिंतीला टेकलेल्या. शहात्तर वर्षांच्या बाईंसाठी तेरा-चौदा वर्षांच्या मुली मधली सुट्टी टाकून धावत येतात, याचं पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेल्या माझ्या आईला फार नवल वाटलं. मला वाटलं नाही. आत्यांनी त्या मुलींसाठी काय केलं होतं, हे मी जवळून पाहिलं होतं... आणि सुरुवातीला मी विरुद्ध बाजूला होते, हेही आज कबूल करायला हवं.

अंबुजाबाई ही माझ्या नवऱ्याची आत्या. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ‘मला’ऐवजी ‘मज’ म्हणणारी यांची मराठी ऐकून हसू दाबायचे, तर आत्या माझ्या मराठीला ‘रेडिओची मराठी’ म्हणायच्या. पस्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. गावात अर्ध्या बायका त्यांना अजून ‘टीचर’ म्हणूनच हाक मारत. लग्न केलं नाही, कुणाला भ्यायल्या नाहीत, आणि न तपासता कुठल्याच गोष्टीला हो किंवा नाही म्हणाल्या नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या गौरीच्या वर्गात, म्हणजे आठवीत, एका व्हिडिओ गेमचं वेड पसरलं. पुरात बुडालेल्या एका राज्यात नावाड्याची मुलगी हरवलेल्या आईला शोधत निघते, कडे चढते, पोहते, वाटेत लुटारूंशी भाल्यानं लढते, असा तो गेम. एका पालकानं त्यातली भाला खुपसण्याची दोन मिनिटं आमच्या ग्रुपवर टाकली आणि गहजब झाला. शाळेनं सगळ्या मुलींकडून ‘मी हा गेम खेळणार नाही, खेळल्यास वार्षिक स्पर्धांतून माझं नाव काढावं’ असं लिहून घ्यावं, अशी मागणी पुढे आली. तो मसुदा मी लिहिला. घरी गौरीच्या हातातला कंट्रोलर काढून मी कपाटात ठेवला, कुलूप घातलं. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे बोलेना.

पालकसभेत कुणीतरी वजनदार माणसानं गेमविरुद्ध बोलावं म्हणून मुख्याध्यापिका आत्यांकडे गेल्या. त्या स्वतः आत्यांच्याच विद्यार्थिनी. आत्यांनी त्यांना कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि महिन्याभराची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता त्या आमच्या दारात उभ्या.

“सुमा, कपाट उघड. मज खेळून पाह्यचं आहे.”

“आत्या, तुम्ही? अहो, मी व्हिडिओ दाखवते ना.”

“दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून मी पेपर तपासू? ही पोर शिकवील मज.”

पहिला आठवडा त्या नुसत्या पाण्यात पडत होत्या. उजवा अंगठा संधिवातानं वळायचा नाही, म्हणून कंट्रोलर मांडीवर ठेवून तर्जनीनं बटणं दाबायच्या. “ह्या उडीत गुरुत्वाकर्षण चुकलं आहे,” असं गेम बनवणाऱ्यालाच दटावायच्या. गौरी आधी ओठ आवळून, मग खदखदून हसायला लागली. शेजारी एक वही असायची. आत्या मराठी लिहायच्या ती तमिळ लिपीत, कारण देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. वहीत दोन रकाने होते, गेममध्ये काय घडतं आणि ते बघताना मुलीला काय होतं. लढाईचे काही प्रसंग त्या मुद्दाम गौरीला खेळायला लावत आणि स्वतः पडद्याकडे नव्हे, तिच्या तोंडाकडे बघत. गेमवर वयाचा एक आकडा छापलेला होता, तो मी दाखवला तर म्हणाल्या, “हा आकडा छापणाऱ्यानं आपल्या गौरीला पाहिलं आहे का?”

असं बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आम्ही ज्याला घाबरलो होतो ते भाल्याचं युद्ध गौरीला बुद्धिबळाइतकंच वाटतं. पण एका प्रसंगात नायिकेला एका जखमी म्हाताऱ्याला पाण्यात सोडून पुढे जावं लागतं, तिथे पोरीनं कंट्रोलर खाली ठेवला आणि उगाचच कुंड्यांना पाणी घालायला निघून गेली. आत्याही मागोमाग गेल्या, बराच वेळ दोघी बाहेर होत्या. परत आल्यावर आत्यांनी सहज, लाडानं विचारलं, “कण्णु, ह्या गेममध्ये इंटरनेटवरून दुसरी माणसंही बोलतात ना? तुज कुणी काही बोललं का कधी?”

गौरी हळूच म्हणाली, “एकदा एक माणूस विचारत होता, कुठली शाळा, एकटी घरी कधी असतेस... मी बंद केलं, आजी.”

“अम्माला सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तिनं गेमच काढून घेतला असता.”

मी स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात धरून उभी होते. मी भाल्याला कुलूप घातलं होतं, आणि खरी भीती माझ्या पोरीनं माझ्याच भीतीनं पोटात ठेवली होती. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडून लिहायला लागल्या.

पालकसभेला सभागृह भरलं होतं. आत्या वही घेऊन उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, “मी शेकडो लुटारू मारलेत. माझं ब्लडप्रेशर आहे तिथेच आहे.” हशा पिकला. मग त्यांनी वर्गात शिकवावं तसं एकेक प्रकरण समजावून सांगितलं. आठवीपासून पुढच्यांना खेळू द्यावं. सहावी-सातवीला अजून नको. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय घरातल्या मोठ्यांनी आधी बंद करावी. म्हाताऱ्याच्या प्रसंगाला कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं असावं, आणि आधी अभ्यास. मग माझा मसुदा उचलून म्हणाल्या, “या कागदानं मुली एकच गोष्ट शिकतील. लपवायला.”

मागून एक वडील उठले. “टीचर, तो कागद तुमच्याच सुनेनं लिहिलाय.”

“ठाऊक आहे. अक्षर सुरेख आहे तिचं.”

मी उठले. सगळ्यांसमोर पुढे जाऊन तो कागद मी मागे घेतला, आणि का घेतला तेही सांगितलं. गौरीचं नाव न घेता सांगितलं. मग आणखी एक आई म्हणाली, “माझ्याही मुलीला कुणीतरी असंच विचारलं होतं.” पाठोपाठ तिसरी. त्या संध्याकाळी कागदावर सही कुणीच केली नाही. तेच वडील जाताना म्हणाले, “माझी मुलगी मारामारी शिकली तर?” आत्या म्हणाल्या, “तिच्याशेजारी बसून कधी बघितलंत? रविवारी बसा, सोमवारी मला सांगा.” सोमवारी ते खरंच आले. मुलगी गेममध्ये एका कड्यावर अडकली होती, ती वाट त्यांना सापडली, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

पोंगलच्या सुट्टीत आत्यांनी शेवटची लढाई लढली. आमच्या हॉलमध्ये वर्गातल्या मुली दाटीवाटीनं बसलेल्या. आत्या पुन्हा पुन्हा हरल्या, अंगठा चोळून पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी नायिकेला आई भेटली तेव्हा मुलींनी अशी आरोळी ठोकली की काही अपघात झाला समजून समोरचे आजोबा काठी घेऊन आले. आत्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, घाम पुसला आणि ऐटीत म्हणाल्या, “सरी, झालं. अत्ता कॉफी.” त्यांना मी इतकं खूष कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. गेल्या मंगळवारी चारच्या सुमाराला मी कणीक मळत होते. हॉलमधून गौरीनं हाक मारली, “अम्मा, नवीन गेममध्ये कुणीतरी मला काहीतरी विचारतंय. मला ते बरं वाटत नाहीये. ये ना बघायला.” तिच्या आवाजात भीती होती, पण लपवाछपवी नव्हती. मी पिठाच्या हातांनीच धावले. ती सोफ्यावर जरा बाजूला सरकली, आत्या बसायच्या त्या बाजूची जागा तिनं मला करून दिली, आणि मी तिथे बसले.