उघड्या डोळ्यांवरचा रंग

तुमच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले आणि त्यांतल्या एकीने मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, तर तुम्ही काय कराल? चहा पुढे कराल?

आम्ही चहाच पुढे केला. शिरूरला आमच्या पुढच्या खोलीत, धाकट्या बहिणीला बघायला दौंडहून माणसं आली होती. खरं तर बघायचं काही उरलं नव्हतं. बहीण आणि तो मुलगा रांजणगावला एकाच कंपनीत कामाला. दोघांचं आपसात ठरलेलं होतं, घरच्यांनी फक्त रीत पाळायची होती. मुलाच्या आत्याचं दौंडात ब्युटी पार्लर आहे. तिने बहिणीचा चेहरा खिडकीकडे वळवला, साडीचा पोत बघावा तसा बघितला आणि म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. डोळं तेवढं बारीक हायती. पर काळजी करू नगा. टेप लावली की मोठं दिसत्यात. नवरीचा मेकप माझ्याकडनं, आहेर समजा."

आई हसली. बहीण हसली नाही. मी काही बोलणार होते, पण आईने माझ्या हातात बिस्किटांची बशी दिली.

आईच्या, माझ्या आणि बहिणीच्या पापण्यांना घडी नाही. डोळा उघडला की बहुतेकांच्या पापणीवर एक चुणी पडते, आमच्या पडत नाही. भुवईपासून कातडी सरळ खाली येते. एवढंच. पण एवढ्यावर शाळेत आमचं नाव 'चिनी' पडलं. करोनाच्या वर्षात भाजीबाजारात तेच नाव पुन्हा ऐकू आलं, आणि तेव्हा ते कुणी हसत म्हणत नव्हतं. आईच्या शेजारी टोमॅटो निवडणारी बाई पाटी तशीच टाकून दोन पावलं मागे सरकली होती. आई त्या दिवशी भाजी न घेताच घरी आली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचे वडील, आप्पा, पत्रकं काढतात. कंत्राटी कामगारांचा पगार, हुंडा, बुवाबाजी, जे खटकेल त्यावर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या छापील बाजूवर आणि गृहपाठ केला तो कोऱ्या बाजूवर. स्टँडवर उभं राहून ती वाटली, फाडून तोंडावर फेकलेलीही पाहिली. त्यामुळे मला कुठल्याही गोष्टीवर ठाम मत लगेच सुचतं, आणि ते उद्गारचिन्हासकट सुचतं. मी लिहिते, आणि लग्नसराईत नवरीचे मेकअप करते. हे दुसरं आप्पांना पटत नाही. "बाईला बाहुली करायचं काम," असं ते म्हणतात, आणि माझी मेकअपची पेटी मोटरसायकलला बांधून मला सोडायलाही येतात.

साखरपुडा दौंडला झाला. आत्याने बहिणीच्या दोन्ही पापण्यांवर टेप लावली. पारदर्शक, नखाएवढी, चंद्रकोरीसारखी कापलेली चिकटपट्टी. ती लावली की कातडी वर ओढली जाते आणि खोटी घडी पडते. वर सोनेरी रंग, लांब पापण्या. सगळे म्हणाले, ओळखूच येत नाही. दुसऱ्या दिवशी खरंच ओळखू येत नव्हती. पापण्या लाल होऊन सुजल्या होत्या, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. तिचं काम म्हणजे दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून प्लास्टिकच्या भागांतली केसाएवढी चीर शोधायची. सुपरवायझरने तिच्याकडे बघितलं आणि घरी पाठवलं.

ती ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडली होती. म्हणाली, "ताई, लग्नाच्या दिवशी परत हेच व्हणार. अंतरपाट खाली येईल आन् मला तो दिसायचा न्हाई. नुसतं पाणी."

"मग काहीच लावू नको," मी म्हणाले. "तोंड धुऊन उभी राहा. बघू दे सगळ्यांना. डोळे मोठे करायचा हा सगळा बाजारच मुळात..."

तिने रुमाल काढला. "झालं का सुरू? तू आन् आप्पा मिळून मला पत्रक करताय. मला नटायचंय. राणी रंग पाहिजे, मोरपंखी पाहिजे. पार शेवटच्या खुर्चीवरनं दिसलं पाहिजे. फकस्त डोळं माझं असू दे. जमतंय का सांग, न्हाईतर आत्या हायतीच."

जमतंय, मी म्हणाले. मला येत नव्हतं. क्लासात जे शिकवलं होतं ते सगळं घडीच्या हिशेबाने होतं: डोळा मिटायला सांगायचा, पापणीवर रंग भरायचा, घडीत गडद रेघ ओढायची. घडीच नसेल तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या डोळ्यांना मी काजळाखेरीज काही लावत नाही.

पहिल्या रविवारी तिला खिडकीत बसवलं. डोळा मिटून घेतला आणि सावकाश रंगवला. मिटलेला डोळा असा दिसत होता की आईसुद्धा पोळी तव्यावर सोडून बघायला आली. मग बहिणीने डोळा उघडला आणि सगळा रंग आत गडप झाला. उरली एक काळी रेघ, आणि तिचाही ठसा वरच्या कातडीवर उमटलेला.

"कुठं गेलं?" बहीण आरशात बघून म्हणाली.

आई म्हणाली, "आत्याबाई बोलत्यात त्यात तथ्य आसंल बया."

मला राग आला, पण आईचा नाही. मी मोबाइलमध्ये माझ्याच जुन्या ऑर्डरींचे फोटो उघडून बघत बसले. प्रत्येक फोटोत नवरीची मान खाली, नजर खाली, पापणीवरचा रंग पूर्ण पसरलेला. एकीचेही डोळे उघडे नव्हते. इतक्या नवऱ्या मुली सजवल्या आणि सगळ्या खाली बघण्यासाठी सजवल्या. फोटोवाला ओरडतो, 'ताई, नजर खाली,' आणि आमचं काम तेवढ्यापुरतं सुंदर दिसतं.

पुढच्या रविवारी मी तिला डोळे मिटूच दिले नाहीत. "माझ्या नाकाकडं बघ," म्हणाले. ती सरळ बघत असताना, रंग जिथून दिसायला लागेल तिथे पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. तो भुवईच्या जवळपास निम्म्या वाटेवर आला. क्लासात इतक्या वर रंग नेला असता तर बाईंनी हात धरला असता. पापणीच्या केसांलगत मोरपंखी, तो वर जाताना राणी रंगात विरत गेला, ठिपक्यापाशी नुसती झाक. आधी कातडीवरचं तेल टिपून घेतलं, रंग धरून ठेवणाऱ्या प्रायमरचा पातळ हात दिला, त्यावर रंगीत पेन्सिल आणि पेन्सिलीवर त्याच रंगाची पावडर बोटाने दाबून बसवली. ब्रशने झाडली की ती उडते, दाबली की राहते. आमच्या पापण्यांचे केस सरळ खाली उतरतात, म्हणून ते आधी चिमट्याने वर वळवले. लायनरसुद्धा उघड्या डोळ्यावर ओढला, मग तिला खाली बघायला लावून पूर्ण वाळू दिला आणि त्यावर काळी पावडर दाबली, म्हणजे ठसा उठत नाही. खालच्या पापणीला निळी रेघ.

तिने आरशात बघितलं. यावेळी रंग कुठे गेला नव्हता. तिने मान डावीकडे, मग उजवीकडे वळवून बघितलं. मग म्हणाली, "उन्हात राहील?"

हा खरा प्रश्न होता. म्हणून तसेच डोळे घेऊन ती माझ्याबरोबर एसटीत बसली. दौंडला पत्रिका द्यायच्याच होत्या. न्हावरा, चौफुला, पाटस. खिडकीतून झळा येत होत्या, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. लावणीची कलाकेंद्रं असलेल्या चौफुल्याला चढलेल्या एका म्हातारीने बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कार्यक्रम कुठं हाय गं बाई तुझा?"

"दौंडला, आजी. माझंच लगीन हाय. या जेवायला."

म्हातारी पाटस येईपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होती. दौंडच्या स्टँडवर आम्ही एका पानटपरीच्या आरशात बघितलं. रंग जागेवर होता. फक्त डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात घामाने निळं पसरलं होतं. तिथे पावडर जास्त लागणार, एवढं डोक्यात ठेवलं.

आत्याला आम्ही काही सांगितलं नाही. आई म्हणाली, ऐन वेळी बघू. ऐन वेळी बघण्याने कुणाचंच भलं होत नाही, हे आप्पांच्या पत्रकांत वेगवेगळ्या शब्दांत दहादा आलं असेल, पण आईने ती कधी वाचली नाहीत.

लग्नाच्या दिवशी, दौंडच्या बाहेरच्या मंगल कार्यालयात, नवरीच्या खोलीतला पंखा गरम वारा फेकत होता. बहिणीचा एक डोळा मी पूर्ण केला होता. दुसऱ्याला प्रायमर लावलं होतं, तेवढ्यात दार ढकलून आत्या आत आली. हातात पेटी, मागे मदतनीस मुलगी.

"आगं, हे काय? सुरू बी केलं?" ती जवळ आली. "मोराचं पीस चिकटवलंय व्हय डोळ्याला?"

"आत्या, टेपने तिला सूज येते," मी म्हणाले. "साखरपुड्यानंतर कामावरून परत यावं लागलं तिला."

"नवा डिंक आणलाय म्या. भारीतला." तिने पेटी उघडलीसुद्धा. "माझ्या भाच्याचं लगीन हाय. आख्खं दौंड येणार. उद्या बाया म्हणतील, हिचं पार्लर हाय आन् घरच्या सुनंचं डोळं तसंच ठिवलं."

"तसंच म्हणजे कसं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "बोला ना. कसं?"

"ताई," आई कळवळून म्हणाली. घरात मला सगळे ताईच म्हणतात. "आजच्या दिवस राहू दे. वाद नको. आत्याबाई, एका डोळ्याला लावून बघा हवं तर."

मी पेटीच्या आणि बहिणीच्या मधे उभी होते. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, आणि ते बाहेर पडलं असतं तर बाहेर मांडवात दोन्हीकडची माणसं उभी राहिली असती. बहिणीने माझा हात धरून मला बाजूला सारलं.

"आत्या, माझ्याकडं बघा," ती म्हणाली.

आत्याने पेटीतून मान वर केली. बहीण सरळ तिच्याकडे बघत होती. एक डोळा रंगवलेला, एक कोरा.

"मला तुमचा आहेर पाहिजे. पर टेप नको. आज मला नीट बघायचंय समद्यांकडं. तुमच्याकडं बी."

आत्याने तिथूनच एक डोळा बारीक करून बघितलं. मग दारापर्यंत मागे गेली, दाराबाहेर, बोळाच्या टोकापर्यंत. तिथून ओरडली, "मान खाली घाल! आता वर बघ! उजवीकडं!" बोळातून जाणारा आचारी भांडं घेऊन थांबला. आत्या परत आली.

"लांबनं दिसतंय," ती नाराजीने म्हणाली. "पर मुंडावळ्या हायती. त्या कोपऱ्याला घासणार, घाम सुटणार. मांडवात जायच्या आधी जरा जरी फाकलं ना, म्या टेप लावणार. मग कुणी मधी पडायचं न्हाई."

बहीण म्हणाली, "व्हय."

मी दुसरा डोळा करायला घेतला. आत्या मागे उभी राहून बघत होती आणि टेपची डबी तिच्या मुठीत होती. मुंडावळ्या बांधल्यावर त्यांचे मोती खरोखर डोळ्यांच्या कोपऱ्यांना टेकायला लागले. मी पावडर दाबली, पुन्हा दाबली. मग मामा न्यायला आले. दाराशी आत्याने बहिणीला थांबवलं, पदराच्या टोकाने डाव्या कोपऱ्यातला घाम टिपला, पुसला नाही, नुसता टिपला, आणि मोत्यांची सर कानामागे पिनेने अडकवली. "जा," म्हणाली.

मंगलाष्टकं लांबली. अंतरपाटामागे बहीण उभी होती आणि मला फक्त तिची पाठ दिसत होती. डावा कोपरा पसरला असेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अक्षता मुठीत ओल्या झाल्या. अंतरपाट खाली आला तशी मी तिचा चेहरा दिसेल अशी बाजूला सरकले. फोटोवाला स्टूलवर चढून ओरडला, "ताई, नजर खाली! थोडं लाजा!"

बहिणीने वर बघितलं. समोरच्या मुलाने हार उचललेला होता, तो तसाच धरून राहिला.

"ताई, खाली, खाली!"

"आरं, बघू दे की तिला!" मागून आत्याचा आवाज आला. मांडवात हशा पिकला. आत्या माझ्या शेजारी आली आणि पुटपुटली, "डाव्याला निळं जरा जास्त झालंय तुझं." झालं होतं. पण पसरलं नव्हतं.

आप्पा लांब, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. जेवताना त्यांनी मला विचारलं, "ते धुतल्यावर जातं ना?" जातं, मी म्हणाले. तेल लावून. "दिसत होतं शेवटच्या खुर्चीवरनं," ते म्हणाले आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली.

आत्याच्या पार्लरमध्ये टेपची डबी अजून आहे. गिऱ्हाईक मागतात, ती लावते. मी वाद घालते, ती मला 'वकिलीणबाई' म्हणते.

आणि अल्बम. तो छापायच्या आधी फोटोवाल्याने मोबाइलवर नमुना पाठवला. पहिल्याच पानावर अंतरपाट नुकताच खाली आलेला, बहीण वर बघतेय, राणी आणि मोरपंखी रंग जसाच्या तसा. फक्त डोळे तिचे नव्हते. त्याने कॉम्प्युटरवर ते मोठे केले होते, घडीसकट. न विचारता, चांगल्या मनाने. बहिणीने त्याला एकच ओळ पाठवली: 'दादा, माझे डोळे परत द्या.' त्याने दिले.

म्हणून एक मागणी आहे. या लग्नसराईत तुम्ही कुठे ना कुठे अक्षता टाकायला जाणारच. तिथे फोटोवाला 'नजर खाली' म्हणाला, की नवऱ्याच्या कुणा आत्याने बोलायची वाट बघू नका. तुम्ही जिथे उभे असाल तिथूनच त्याला ऐकू जाईल असं सांगा: बघू दे तिला.